पायधऱ्या डॉक्टर

डॉक्टर वासुदेवराव आमच्या तालुक्याच्या शफाखान्यात हजर झाले, त्या दिवशी ओट्यावर महारवाड्यातला एक गडी आणून टाकला होता. बैलानं त्याच्या पोटात शिंग घातलं होतं. डॉक्टर टांग्यातून उतरले, डोक्यावरची पगडी माझ्या हातात दिली आणि चारचौघांदेखत खाली बसून त्या गड्याचे दोन्ही पाय धरले. ओट्याखाली कचेरीतले दोन कारकून उभे होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बामण, त्यात निजामसरकारचा डॉक्टर, आणि आल्या आल्या महाराच्या पायांना हात. दिवेलागणीच्या आत गावात नाव पडलं, पायधऱ्या डॉक्टर. आमच्या गावाला दुसरं काही जमत नसेल, पण नाव ठेवायला सांगा, बारसं उरकून मोकळे.

माझं काम औषधं कालवण्याचं. दवासाज म्हणत आम्हाला. आधीचे डॉक्टर ओट्यावर खुर्ची टाकून बसत, रोग्याला दुरूनच जीभ काढायला लावत आणि मला आत आवाज देत, की माधव, तांबडी बाटली. त्यामुळे हे नवं खूळ बघून मी चाट पडलो. कोणीही येवो, ताप असो, मार असो, डॉक्टर आधी पायाचा अंगठा धरणार, मग घोटा, मग पोटरी, आणि गुडघ्यापर्यंत हात नेत जाणार. नाडी त्यानंतर. शेवटी न राहवून मी विचारलं, तर म्हणाले, "हात घरचे लोक चोळून चोळून गरम करतात आणि वैद्याला फसवतात. पायाकडे कुणी बघत नाही. मरण आधी तिथं येऊन बसतं." शिंग लागलेल्या त्या गड्याच्या पोटावर रक्ताचा थेंबही दिसत नव्हता. पण पाय गुडघ्यापर्यंत गार होते. रक्त आतल्या आत चाललंय असं डॉक्टर म्हणाले, आणि तो गडी दिवस मावळायच्या आत गेला.

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. उंच, वाळका, नाकात सदा तपकीर, आणि जिभेला हाड नाही. बायको ऐन तारुण्यात गेलेली, पोरबाळ नाही, जेवण खानावळीतलं. रोग्याच्या नातेवाइकांना ते असं बोलत की रोगी बाजूला राहायचा आणि नातेवाइकांनाच औषध द्यायची पाळी यायची. रोग्याला टेकू देऊन कुणी बसवायला लागलं की म्हणत, "बसवा, बसवा. मेला की आडवा करायचाच आहे." लोक चिडत. मीही चिडायचो. पण रोग्याच्या अंगावर ते स्वतःची शाल घालत. ती शाल धुवायला माझ्याकडे यायची, आणि तिला कशाकशाचे वास यायचे ते सांगायची सोय नाही.

घरचे लोक रोगाचं नाव विचारत. त्याला इंग्रजीत शॉक म्हणतात, एवढं सांगून डॉक्टर थांबत नसत. आमच्याकडच्या माणसाला कळेल असं त्यांनी स्वतःचं एक शास्त्र बसवलं होतं, आणि ते सगळं मोटेवर चालायचं. म्हणायचे, "अंग म्हणजे शेत. रक्त म्हणजे पाणी. शेत वाळतंय ना? मग तीन ठिकाणी बघायचं. एक तर विहीर आटली, नाही तर मोटेचा बैल बसला, नाही तर पाट फुटला. वरून तिन्ही शेतं सारखीच वाळलेली दिसतात. इलाज मात्र तिन्हींचा वेगळा." पटकी झाली, बाळंतपणात रक्त गेलं, माणूस भाजला, की विहीर आटली. काळीज थकलं, की बैल बसला. आणि अंगात विष भिनलं, की पाट फुटला. पाणी असतं, पण वाटेतच जिरतं.

आष्टीच्या वाटेवरच्या एका वस्तीत पटकी शिरली होती, तेव्हाची गोष्ट. एका धनगराला जुलाब-उलट्यांनी पार पिळून काढलं होतं. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. पटकीच्या रोग्याला पाणी दिलं तर रोग वाढतो ही आमच्याकडची जुनी समजूत. तेव्हा त्याच्या बायकोनं पाण्याची घागर उचलून आढ्याला टांगून ठेवली होती, हात पोचू नये म्हणून. आदल्या दिवशी तो घागरीकडे बघून तळमळत होता. आम्ही गेलो तेव्हा गप्प पडला होता, आणि बायको सांगत होती की आता जरा आराम पडलाय. डॉक्टरांनी तिला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. मला मात्र परतताना म्हणाले, "लक्षात ठेव. तळमळणारा रोगी गप्प झाला की घरच्यांना बरं वाटतं, आणि मला भीती वाटते."

मीठ घालून उकळलेलं, फडक्यातून गाळलेलं पाणी ते स्वतः तयार करत. कल्हईच्या पातेल्यात. त्यात मला हात घालू देत नसत. काचेचं नरसाळं, रबराची नळी, टोकाला चांदीची सुई. शीर सापडली नाही तर कोपराशी बारीकशी चीर देऊन ती उघडी करायची आणि पाणी सावकाश आत सोडायचं. त्या धनगराच्या खाटेच्या पायगतीखाली दगड लावले, घोंगड्या टाकल्या आणि पाणी सुरू केलं. पातेलं रिकामं होत आलं तसा तो डोळे उघडून तंबाखू मागायला लागला. वस्तीनं दुसऱ्या दिवशी मरीआईला बोकड कापला. डॉक्टर म्हणाले, "बोकड मरीआईला आणि शिव्या मला. ठीक आहे, बोकड मला पचलाही नसता."

त्या पटकीनंतर पायगतीखाली दगड लावायची विद्या गावभर झाली, आणि अर्धी विद्या काय करते तेही दिसलं. आमच्या कुलकर्ण्यांच्या छातीत कळ आली, अंगाला चिकट घाम सुटला, हातपाय गार पडले. घरच्यांनी मोठ्या शहाणपणानं पाय उंच केले, डोकं खाली केलं आणि वर तांब्यातांब्यानं पाणी पाजत सुटले. कुलकर्णी गुदमरून निळे व्हायला आलेले. डॉक्टर दारातूनच ओरडत आत शिरले, की विहीर भरलेली आहे, बैल बसलाय, त्याच्या अंगावर आणखी पाणी कसलं ओतता. त्यांनी तक्क्याला टेकवून कुलकर्ण्यांना बसवलं, पाय खाली सोडले, बंडीचे बंद तोडले. कुलकर्णी त्यातून उठले. उठल्यावर पहिली कुरबूर केली ती नव्या बंडीच्या बंदांची.

पाट फुटलेल्या रोग्यापुढे मात्र डॉक्टर शिव्यासुद्धा देत नसत. लोहाराची बायको बाळंत होऊन चौथ्या-पाचव्या दिवशी तापली. नाळ कापायला वापरलेला विळा कुठला होता, कोण जाणे. आम्ही गेलो तर गाल लालबुंद, पाय कढत. लोहार बिचारा हसून म्हणाला, "डागदर, पाय गरम हायेत बगा, भ्यायचं काम न्हाई." डॉक्टरांनी पाय धरून ठेवले. पुढं ताप उतरला, पाय गार झाले आणि ती गेली. त्या दिवशी ते खानावळीत गेले नाहीत. ह्याला अजून औषध निघालेलं नाही, एवढंच म्हणाले.

आता गढीची हकीकत. ती सांगितल्याशिवाय डॉक्टर समजायचे नाहीत, आणि ती सांगताना माझं डोकं अजून फिरतं, तेव्हा शब्द कमीजास्त झाला तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमच्या गावापासून दोन-अडीच कोसांवर देशमुखांची गढी. दाजीसाहेब देशमुख वयानं तरुण, वडील वारल्यामुळे कारभार अंगावर पडलेला. पण दाराच्या आतला कारभार त्यांच्या आईचा. त्यांना सगळा मुलूख आईसाहेब म्हणायचा. गढीतल्या बायकांना गोषा होता, आणि तो किती, तर बाहेरच्या पुरुषाला नखसुद्धा दिसता कामा नये. नारायणगडाला दर्शनाला निघाल्या तरी बैलांच्या दमणीला चारी बाजूंनी पडदे, आणि पुढे माणसं हटवायला दोन स्वार. आईसाहेब दुष्ट होत्या असं नाही. दुष्काळात गढीच्या पेवातली ज्वारी त्यांनी गावाला वाटली होती, आणि सुनेला त्यांनी लेकीसारखी वागवली होती. पोरीला आई नव्हती, ती लहानपणीच गेलेली. हे सगळं मला पुढं गढीवरच्या सुईणीकडून कळलं.

एके दिवशी सकाळी गढीचा स्वार शफाखान्यात आला. बाईसाहेब पहाटे बाळंत झाल्या, मुलगी झाली, अशक्तपणा हाय, ताकदीचं औषध द्या म्हणाला. मी तांबडी बाटली काढायला वळलो. डॉक्टरांनी स्वाराला विचारलं की त्यांना तहान लागलीय का. तो म्हणाला, "सारखं पाणीच मागत्यात म्हनं. पर बाळंतिणीला पाणी कुटं देत्यात?" डॉक्टरांनी तपकिरीची डबी बंद केली आणि मला टांगा जोडायला सांगितलं. वाटेत त्यांनी टांगेवाल्याला दोनदा घोडं हाणायला लावलं.

गढीत आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा सोडला होता. अलीकडे डॉक्टरांसाठी बैठक. शेजारी दाजीसाहेब उभे. पडद्याखालून एक हात बाहेर आला, मनगटभर हिरवा चुडा. डॉक्टरांनी नाडी धरली, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी तो हात उलटा केला, बोटं निरखली आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "आईसाहेब, हा हात ठणठणीत आहे. नखात ज्वारीचं पीठ आहे. ह्या बाईला भाकऱ्या थापू द्या, आणि जिला मूल झालंय तिचा हात द्या."

दाजीसाहेब मान खाली घालून उभे राहिले, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. हा गढीचा जुना रिवाज होता. वैद्य, हकीम, डॉक्टर, कोणीही येवो, त्याच्यापुढे मोलकरणीचा हात करायचा. आईसाहेबांचा हिशेब सरळ होता, की डॉक्टर काय हात बघून औषध देतो थोडंच, बाळंतीण म्हटलं की बाळंतिणीचं औषध देतो. मग सुनेच्या अंगाला परका हात कशाला. आणि आजवर आलेल्या प्रत्येकानं तो हात बघून मान डोलावली होती, औषध दिलं होतं, विडा घेऊन गेला होता. फसवणूक दोन्हीकडून बिनबोभाट चालली होती. आमच्या ह्या एका माणसाला ती दिसली.

बऱ्याच वेळानं खरा हात बाहेर आला. चुडा कोपरापर्यंत घसरत होता. बोटं राखेच्या रंगाची, तळवा घामानं ओला, आणि गार. डॉक्टर मनगटाशी नाडी शोधत राहिले. ती धाग्याएवढी बारीक लागली, आणि इतकी धावत होती की मोजायची सोय नव्हती. पाय मागायची तिथं सोयच नव्हती, म्हणून त्यांनी आतल्या सुईणीला विचारलं की पाय कुठपर्यंत गार आहेत. गुडघ्यापर्यंत, ती म्हणाली. रक्त किती गेलं? आईसाहेबांचा आवाज आला की गेलंय भरपूर, पर ती घाणच की, गेलेली बरी. आणि मघापास्नं लई तळमळत हुती, आता शांत झालीया. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. धनगराच्या वस्तीवरचं त्यांचं बोलणं मी विसरलो नव्हतो.

मग तो माणूस पडद्याच्या अलीकडे बसून पलीकडची लढाई लढायला लागला. उशी काढायला लावली. पायगतीच्या खुरांखाली विटा घालायला लावल्या. सुईणीला सांगितलं, की बेंबीखाली पोट जोरानं चोळ, आत नारळासारखं घट्ट लागेपर्यंत सोडू नको. अंगावर पांघरुणं, ओठाशी कोमट पाणी, घोटघोट. आतून हो हो येत होतं. पाणी मात्र कुणी दिलं नाही, हे सुईणीनं मला नंतर सांगितलं. बाळंतिणीला पाणी द्यायला त्या बायकांचा हात धजेना. रक्त थांबवायचं औषध चमच्यानं गेलं तेवढं गेलं.

शीर सापडत नव्हती. डॉक्टरांनी कोपराशी चीर दिली, चांदीची सुई आत घातली, आणि मी नरसाळं उंच धरून उभा राहिलो. पलीकडे बाई, अलीकडे तिचा एक हात. एवढ्या हातावर त्यांना सगळं वाचायचं होतं. पाणी उतरत राहिलं. सुईणीनं पोट घट्ट लागल्याचं सांगितलं, रक्त थांबत आलंय म्हणाली. थोड्या वेळानं पाय पोटरीपर्यंत गार. आणखी थोड्या वेळानं घोट्यापर्यंत. डॉक्टरांनी मनगट सोडलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. म्हणाले, "माधव, पोचतंय रे पाणी."

आणि तेवढ्यात आत ती पोर बोलली. आवाज अगदी बारीक, पण मला ऐकू आला. "आई आली का?" एवढंच.

ती शुद्धीवर येत होती. शुद्धीवर येणारं माणूस आईला हाक मारतं, त्यात नवल काय? पण पलीकडच्या बायकांना ठाऊक होतं की तिची आई मेलेली आहे. मेलेली आई दिसायला लागली, म्हणजे न्यायला आली. सकाळपासून डोळे न उघडलेली बाई एकाएकी बोलली, म्हणजे शेवटची घटका आली. आईसाहेब म्हणाल्या, "विझता दिवा मोठा व्हतो, बायांनो. खाली घ्या तिला. माज्या सुनंला खाटंवर मरण नगं." खाटेवर जीव गेला तर गती नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. माणूस जाणार असं दिसलं की त्याला सारवलेल्या जमिनीवर घ्यायचं, तोंडात गंगाजळ घालायचं. त्यांनी तिचं परलोकातलं भलं करायला घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "ती वाचतेय. उचलू नका. बसवू तर मुळीच नका, पाणी डोक्यापर्यंत चढणार नाही." आत कुणीतरी देवाचं नाव घ्यायला लागलं होतं, त्यात ते बुडालं. डॉक्टर अर्धे उठले, एक हात पडद्याला लागला. दाजीसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दरडावून नाही, अगदी अदबीनं. "डॉक्टर, आत बायामाणसं हायेत."

डॉक्टर क्षणभर तसेच राहिले. आणि त्यांच्या मुठीतला तो हात पडद्याखालून आत ओढला गेला. सुई निघून फरशीवर पडली. माझ्या हातातल्या नरसाळ्यातलं पाणी नळीतून जमिनीवर वाहत राहिलं, आणि ते बंद करायचं मला सुचलं नाही. सुईणीनं सांगितलं, की बगलेत हात घालून तिला बसतं केलं, तशी मान एकीकडे कलली. सारवलेल्या ओल्या जमिनीवर टेकवली तेव्हा ती गेलेली होती. सकाळपासून पाणी मागणाऱ्या पोरीला पाणी मिळालं ते तेव्हा, पळीभर गंगाजळ. आतून रडणं उठलं. खोटं रडणं नव्हतं ते. आईसाहेबांनी हंबरडा फोडला तो ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी त्या बाईचा गळा धरावासा वाटला. दोन्ही खरं आहे.

पुढं व्हायचं ते झालं. डॉक्टरनं बाळंतिणीच्या रक्तात मीठ घातलं, म्हणून ती मेली, अशी आवई उठली. परक्या पुरुषानं देशमुखांच्या सुनेचा हात दोन घटका धरून ठेवला, हा गुन्हा त्याहून मोठा. ज्या धनगराच्या अंगात तेच मीठ गेलं होतं, त्यालाही साक्षीला बोलवा म्हटलं तर तो मेंढरं घेऊन लांब निघून गेला. कुलकर्णी आजारी पडले. चौकशीला वरून एक अंमलदार आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन समजावलं, की दाजीसाहेबांपुढे चूक कबूल करा, प्रकरण मिटवून टाकतो. डॉक्टर भरल्या ओट्यावर येऊन दाजीसाहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "चूक झाली. मी पडद्याच्या अलीकडे बसून राहिलो." अशी कबुली ऐकून प्रकरण कसं मिटणार? त्यांची बदली गोदावरीपार, जंगलातल्या एका ठाण्यावर झाली.

निघायच्या दिवशी त्यांना पोचवायला वेशीपर्यंत मी आणि टांगेवाला, एवढेच. मी म्हणालो, की तुम्ही आत गेला असता तर तुम्हाला तिथंच कापून टाकलं असतं. ते म्हणाले, "कापलं असतं की नसतं, हे आता कधीच कळणार नाही. तो खांद्यावरचा हात किती हलका होता, ते मला ठाऊक आहे." त्यांचं डोकं ठिकाणावर नसावं असं मला तेव्हा वाटलं. पहिल्याच पावसाळ्यात तिकडच्या तापानं ते गेले. त्यांचे पाय कुणी धरून बघितले की नाही, देव जाणे. शफाखान्यात बातमी आली तेव्हा रांग लागलेली होती, आणि एका माणसानं विचारलं, की कोण, पायधऱ्या का?

त्यांच्या जागी आलेले डॉक्टर भारी मिठ्ठास. सगळ्यांशी हसून बोलायचे, आईबापांची विचारपूस करायचे. रोग्याला हात लावायचेच नाहीत. गढीतून बोलावणं आलं की पडद्यापुढे बसायचे, जो हात येईल तो धरायचे, मान डोलवायचे, औषध द्यायचे आणि विडा घेऊन यायचे. एकदा मी परतताना म्हणालो, की साहेब, तो हात मोलकरणीचा होता. ते म्हणाले, "माहीत आहे, माधवराव. आधीच्या डॉक्टरांचं काय झालं तेही माहीत आहे." गाव त्यांच्यावर खूश होतं. त्यांना कुणी नाव ठेवलं नाही.

दाजीसाहेबांचं दुसरं लग्न वर्षाच्या आतच झालं होतं. पुढं एका दुपारी शफाखान्याच्या आवारात गढीची दमणी येऊन थांबली. स्वार नाही, पुढे माणसं हटवणारं कुणी नाही. दाजीसाहेब बैलांपाशी घामाघूम उभे. पडद्याच्या कडेतून बाई उतरली, आणि उतरताना तिनं डोक्यावरचा पदर मागे जाऊ दिला. गावानं आईसाहेबांचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दमणीच्या तळाच्या फळ्यांतून रक्त ठिबकत होतं. नवी सून आत होती, तीही बाळंतीणच. आईसाहेबांनी स्वतःच्या हातानं दमणीचा पडदा वर केला आणि नव्या डॉक्टरांना म्हणाल्या, "बगा. हात बगा, पाय बगा, काय बगायचं ते बगा. काय टोचायचं ते टोचा. पर जगवा हिला."

नवे डॉक्टर दोन पावलं मागे सरले. दाजीसाहेबांकडे पाहिलं, भोवती जमलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि दमणीकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "आईसाहेब, आधी पडदा पाडा. मला बायकामुलं आहेत."

मी धावलो. बाईला आडवी केली, पायांखाली गाठोडी घातली, सुईणीला हाका मारल्या, पाणी पाजलं. बघून बघून जेवढं ठाऊक झालं होतं तेवढं केलं. चांदीची सुई कपाटात होती, पण ती शिरेत घालणारा हात नव्हता. दाजीसाहेब नव्या डॉक्टरांचे पाय धरायला वाकले, हात जोडले, शपथा घातल्या, की तक्रार करणार नाही. ते मान हलवत राहिले. शपथा काय, मागच्या वेळी अदबही होती, तरी डॉक्टरांची बदली झालीच. ती पोर आमच्या देखत गप्प होत गेली.

आईसाहेबांनी मला विचारलं, "ह्यो असा कशापायी उभा हाय?"

मी म्हणालो, "आपल्याच गढीनं शिकवलं त्यांना, आईसाहेब."

आईसाहेब उन्हात, सगळ्या गावासमोर, उघड्या तोंडानं उभ्या राहिल्या, आणि सून गेल्यावरही हातातला पडदा त्यांनी खाली सोडला नाही.